गेलेली सहा वर्षं कुठल्या खात्यात धरायची?

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार. मी इंदूरला लोकमान्य नगरमध्ये राहते. वय ५७. आमचे हे खासगी कंपनीतून निवृत्त झाले, पेन्शन नाही. मुलगा २९ वर्षांचा. इंजिनिअरिंगनंतर पुण्यात नोकरी लागली होती, ती वर्षभरात सोडून तो एमपीपीएससीच्या, म्हणजे मध्य प्रदेश राज्यसेवेच्या, तयारीला लागला. त्याला आता सहा वर्षं झाली. प्री दोनदा निघाली, मेन्स एकदा निघाली आणि एकदा राहिली. निघाली तेव्हा इंटरव्ह्यूपर्यंत गेला आणि शेवटच्या यादीत सात गुणांनी हुकला. आता इथल्या भंवरकुवा भागातल्या एका क्लासची फक्त मेन्सची नवी बॅच निघतेय. फी, लायब्ररी, टेस्ट सिरीज मिळून वर्षाचे दोन लाख होतात. तो म्हणतो, या वेळी नक्की. आमची शेवटची मोठी एफडी चार लाखांची आहे, तिची मुदत पुढच्या महिन्यात १४ तारखेला संपते. हे म्हणतात, आता पुरे. मुलगा म्हणतो, इतक्या जवळ येऊन सोडू? मला दोघांचंही पटतं. सहा वर्षं घातली ती वाया कशी जाऊ द्यायची? आणि सोडलं आणि पुढच्याच वर्षी जागा वाढल्या तर? दोन महिने झाले, बापलेक एका पंगतीला बसत नाहीत. निर्णय कसा घ्यायचा ते सांगा.
– एक आई

उत्तर

ताई,

तुमचं मूळ पत्र सात पानांचं आहे, वर छापलाय तो त्याचा गाभा. मी ते तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. 'इतकी वर्षं', 'एवढा खर्च', 'एवढी मेहनत' या शब्दांखाली रेघा मारत गेले, तर अकरा रेघा झाल्या. येत्या वर्षात मुलगा रोज काय वेगळं करणार, कुठल्या पेपरात गुण वाढवणार, नाहीच झालं तर निकालानंतरच्या सोमवारी सकाळी उठून काय करणार, याबद्दल सात पानांत एकही ओळ नाही. निर्णय घ्यायचाय पुढच्या वर्षाचा आणि बोलणं चाललंय मागच्या सहा वर्षांचं. तुम्ही तिघंही तिथेच अडकला आहात असं मला वाटतं.

क्लास लावला तर सहा वर्षं गेलेली आहेत आणि सातवं जाईल. सोडलं तर सहा वर्षं गेलेली आहेत. सहा दोन्हीकडे आहेत. शाळेत समीकरण सोडवताना दोन्ही बाजूंची सारखी पदं आपण काट मारून उडवायचो, तशी ही सहा उडतात. मग उरतो तो एवढाच प्रश्न: हे एक वर्ष, हे दोन लाख आणि आजचा हा २९ वर्षांचा मुलगा, यांचं सगळ्यांत चांगलं काय होऊ शकेल? कागदावर हे दोन ओळींत मावतं, पण गळी उतरायला फार जड जातं. आणि ते जड जाणं हा काही तुमच्या घराचा दोष नाही.

अमेरिकेत ओहायो विद्यापीठातल्या हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. नाटकांच्या अख्ख्या हंगामाचं तिकीट काढायला आलेल्यांपैकी काहींना त्यांनी ते पूर्ण १५ डॉलरला दिलं, काहींना १३ ला, काहींना ८ ला. सवलत कुणाला मिळणार, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरत होतं. नाटकं तीच होती आणि नाट्यगृहही तेच. तरीही हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे मोजलेली माणसं जास्त प्रयोगांना गेली. नाटक आवडतं की नाही याच्याशी त्या जादा फेऱ्यांचा संबंध नव्हता. खिशातून गेलेले पैसे त्यांना ढकलत होते. मला जास्त मोलाचं वाटतं ते पुढचं: दुसऱ्या अर्ध्यात हा फरक उरला नाही. टोचणी बोथट झाली होती. तुमच्या मुलाची टोचणी मात्र दर निकालाला पुन्हा धारदार होते, कारण दर वर्षी तो तिच्यात एक वर्ष आणखी घालतो.

हे मी पुस्तकातून शिकले असते तर बरं झालं असतं. मी ते घरात शिकले.

आमचा छापखाना होता, इंदूरच्या छावणी भागात. सासऱ्यांनी उभा केलेला. दोन ट्रेडल मशीनं, भिंतभर लाकडी केसेस, त्यांत देवनागरीचे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, आणि ती जुळवणारे दोन जुळारी. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल, श्राद्धाची कार्डं. नव्वदच्या सुरुवातीला इंदुरात जिकडेतिकडे ऑफसेट आणि डीटीपी आलं. पत्रिकेची जी कामं आमच्याकडे चार दिवस घेत, ती समोरच्या गल्लीत एका दिवसात व्हायला लागली. त्याच सुमारास ओळखीच्या एकानं यांना भागीदारी देऊ केली होती: जागा तुमची, ऑफसेट मशीन माझं. आम्ही दोघांनी रात्र रात्र बसून विचार केला आणि नाही म्हटलं. कारण सांगताना आम्ही एकमेकांना एकच वाक्य ऐकवत होतो: 'इतके खिळे आहेत घरात, ते काय टाकून द्यायचे?' मग त्या खिळ्यांच्या आधारासाठी नवे रोलर घेतले. रोलर घेतले म्हणून मोटर बदलली. मोटर बदलली म्हणून आणखी एक वर्ष थांबलो. प्रत्येक वेळी मागचा खर्च वाचवायला पुढचा खर्च केला. अशी सहा वर्षं काढली. शेवटी खिळे शिशाच्या भावानं पोत्यातून गेले, आणि ती पोती उचलताना यांना मी पहिल्यांदा रडताना पाहिलं.

पैशाचं दुःख पुढे विरलं. विरलं नाही ते दुसरंच. आमच्या दोन जुळाऱ्यांपैकी एक जण छापखाना बंद झाल्यावर कॉम्प्युटरवर टाइप करायला शिकला. वय ४८. बोटांना अक्षरांची सवय होतीच, सहा महिन्यांत तो चांगला ऑपरेटर झाला. दुसरे तेव्हा ५७ चे होते, त्यांना ते जमलं नाही. आम्ही सहा वर्षं आधी ठरवलं असतं तर तेही ५१ चे असते. थांबण्याचा खर्च आपण कधी मांडतच नाही, कारण त्याची पावती कुणी फाडत नाही.

त्या सहा वर्षांत आम्ही एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता: हा छापखाना आज आपल्याकडे नसता, आणि कुणी तो याच अवस्थेत, याच किमतीला विकायला आणला असता, तर आपण घेतला असता का? उत्तर द्यायला आम्हाला एक मिनिटही लागलं नसतं.

तुमच्या मुलासाठी हाच प्रश्न थोडा वळवून घ्या. समज, तुझी सहा वर्षं गेलेलीच नाहीत. तू आज २९ चा आहेस, तुझ्या डोक्यात आजचा सगळा अभ्यास आहे, समोर आजची परीक्षा आहे, आजच्या जागा आहेत, आणि बाजूला दुसरं कुठलंही काम सुरू करायची मोकळीक आहे. तर आज तू ही तयारी सुरू करशील? यात त्यानं शिकलेलं मी वजा केलं नाही, हे लक्षात घ्या. वर्षं गेली ती गेली, पण राज्यघटना, इतिहास, अर्थव्यवस्था, रोज दहा तास एका जागी बसायची सवय, हे त्याच्याजवळ आहे आणि ते दोन्ही वाटांवर त्याच्यासोबत चालणार आहे. उत्तर 'हो, करीन' असं मनापासून आलं, तर तेही खरं उत्तर आहे. मी 'सोड' म्हणायला बसलेली नाही. मला फक्त त्या 'हो'मधून सहा वर्षांचा धाक काढून घ्यायचा आहे.

हा धाक आपल्या घरांत येतो कुठून, याचा मी पुष्कळ विचार केलाय. शिळ्या पोळीचा कुस्करा आणि उरलेल्या भाताचा फोडणीचा भात करणाऱ्या घरांत आपण वाढलो. 'टाकणं' हा शब्दच आपल्याला पापासारखा लागतो. त्या शिकवणीनं आपले संसार तरले आहेत, तिला मी नावं ठेवणार नाही. पण पोळीचा कुस्करा होतो; गेलेल्या वर्षाचा होत नाही, त्यात नवं वर्ष कालवलं तरीही.

आणि या परीक्षेची रचनाच अशी आहे की थांब म्हणायला बाहेरून कुणी येत नाही. यूपीएससीला खुल्या प्रवर्गासाठी ३२ वर्षांची मर्यादा आणि सहा प्रयत्न, तिथे दार आपोआप लागतं. आपल्या राज्यसेवेत गणवेश नसलेल्या पदांना ४० पर्यंत बसता येतं आणि प्रयत्नांची गणती नाही. त्यात २०१९ च्या परीक्षेचं काय झालं तुम्ही पाहिलंच आहे: आरक्षणाचा वाद कोर्टात, ८७ टक्के जागांचा निकाल लावायचा आणि १३ टक्क्यांचा रोखून ठेवायचा अशी वाटणी, आणि अंतिम निकाल यायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. जागा एका वर्षी पाचशेच्या पुढे, तर एका वर्षी शंभर-सव्वाशे. तेव्हा सहा वर्षांतली कितीतरी वर्षं तुमच्या मुलानं घालवली नाहीत, ती त्याच्याकडून घेतली गेली. हे त्याच्या बाबांनी त्याला एकदा तोंडानं म्हणावं. भांडण निम्मं तिथेच उतरेल.

आता 'या वेळी नक्की' याबद्दल. हे वाक्य खोटं नसतं, पण फार आतून आलेलं असतं. निर्णय घेताना माणसाचं मन कसं चालतं याच्या अभ्यासासाठी २००२ साली ज्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्या डॅनियल कानेमन यांची स्वतःची एक हकीकत आहे. सत्तरच्या दशकात इस्रायलमध्ये शाळेसाठी एक पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्या गटात ते होते. विषय होता, निर्णय कसे घ्यावेत हाच. वर्षभर काम छान झालं. एके दिवशी त्यांनी सगळ्यांना सांगितलं, पुस्तक पूर्ण व्हायला अजून किती काळ लागेल ते आपापल्या कागदावर लिहा. सगळ्यांचे आकडे दोन वर्षांच्या आसपास आले. त्या गटात अभ्यासक्रम तयार करण्यातले एक जाणते प्राध्यापक होते, त्यांनीही तेवढंच लिहिलं. मग कानेमननी त्यांना विचारलं, तुम्ही असे दुसरे गट पाहिले असतील, आपल्या टप्प्यावर आल्यानंतर त्यांचं पुढे काय झालं? प्राध्यापक थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, सुमारे चाळीस टक्के गटांचं काम कधी पूर्णच झालं नाही, आणि ज्यांचं झालं त्यांतल्या कुणालाही सात वर्षांहून कमी लागली नाहीत. आणि आपला गट त्यांच्याहून सरस आहे का? नाही, जरा कमीच. हे सगळं त्या प्राध्यापकांना माहीत होतं, तरी पाच मिनिटांपूर्वी त्यांच्याच हातानं 'दोन वर्षं' लिहिलं गेलं होतं. याहून मोठी गोष्ट म्हणजे हे ऐकूनही गट थांबला नाही. पुस्तक आठ वर्षांनी पूर्ण झालं, आणि तोवर तिथल्या शिक्षणखात्याचा उत्साह मावळला होता, ते कधी वापरलंच गेलं नाही.

ती मंडळी निर्णयशास्त्राचं पुस्तक लिहीत होती, ताई. तेव्हा तुमच्या मुलाला यावरून कुणी मूर्ख म्हणू नये.

पण त्या प्राध्यापकांना विचारला तसा प्रश्न तुमच्या मुलालाही विचारता येतो, आणि त्याचं उत्तर फक्त तोच शोधू शकतो. तुम्ही नाही, मी नाही, क्लासवाले तर नाहीतच. भंवरकुव्याच्या चौकात निवड झालेल्यांचे फोटो लागलेले असतात. त्यांच्याच बरोबर, त्याच लायब्ररीत, शेजारच्या खुर्चीवर बसून न निवडल्या गेलेल्यांचे फोटो लागत नाहीत. रोज त्या चौकातून जाणाऱ्याच्या मनात आकडा कुठला बसणार? म्हणून त्याला म्हणावं, एक वही घे. गेल्या पाच वर्षांत तुझ्या ओळखीतले जे जे तुझ्या टप्प्यावर होते, म्हणजे एकदा इंटरव्ह्यू, एकदा मेन्स राहिलेली, त्यांची नावं लिही. आठवतील तेवढी सगळी, आणि मुद्दाम ती, जी आता दिसत नाहीत. पुढे कुणाचं काय झालं? कुणाची निवड झाली, कितव्या खेपेला झाली, कुणी दुसरी परीक्षा दिली, कुणी शाळेत लागलं, कुणी अजून बसलंय? पंधरा-वीस नावं निघाली तरी पुरे. तो आकडा त्याच्यासाठी कुठल्याही व्याख्यानापेक्षा खरा असेल. तो चांगलाही निघू शकतो. निघाला, तर बाबांसमोर ठेवायला त्याच्या हातात काहीतरी असेल.

सात गुणांचंही नीट पाहायला हवं. थोडक्यात हुकलेली गोष्ट माणसाला पूर्ण हुकलेल्या गोष्टीपेक्षा जास्त ओढते. मटक्यात शेजारचा आकडा लागला तरी माणूस म्हणतो, जवळ आलो. मटक्यात जवळ असं काही नसतं. परीक्षेत मात्र असतं, म्हणून सात गुण फुकट आहेत असं मी म्हणणार नाही. ते काय सांगतात, ते बघा. दोन्ही मेन्सच्या गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवायच्या. सहा पेपर आहेत, सहा ओळी. ज्या ओळी पहिल्यांदा कमी होत्या त्या दुसऱ्यांदा वर आल्या का? की त्याच पेपरात तेवढेच गुण पुन्हा? आपल्या कितीतरी मराठी मुलांचं हिंदी निबंधाच्या पेपरात अडतं, घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि लिहायची वेळ येते ती हिंदी. तसं काही असेल तर ते दोन लाखांच्या बॅचचं काम नाही, एका चांगल्या शिक्षकाकडे तीन महिने रोज एक निबंध तपासून घेण्याचं काम आहे. 'परीक्षा निघत नाही' हा सोडवता न येणारा प्रश्न आहे. 'चौथ्या पेपरात तीस गुण कसे वाढतील' हा सोडवता येणारा आहे. मोठ्या प्रश्नाचा असा एखादा लहान, हातात मावेल असा तुकडा जर गुणपत्रिकेतून निघाला, तर सातवं वर्ष देण्यात अर्थ आहे. निघाला नाही, आणि उत्तर 'अजून मेहनत करीन' एवढंच असलं, तर नाही. सहा वर्षं तो मेहनतच करत होता.

तुमची भीती राहिली: सोडलं आणि पुढच्याच वर्षी जागा वाढल्या तर?

आपण होळकरांच्या शहरातली माणसं, म्हणून मल्हाररावांचं उदाहरण घेते. १४ जानेवारी १७६१, पानिपत. मल्हारराव रणांगणातून आपली फौज घेऊन बाहेर पडले. कुणी म्हणतं वेळेआधी निघाले, कुणी म्हणतं मधली फळी मोडल्यावर थांबण्यात काही उरलं नव्हतं. इतिहासकारांत वाद आहे आणि मराठी घरांत तर अजून आहे. उघड्या मैदानात तोफा आणि कबिले घेऊन लढू नये, गनिमी काव्यानं लढावं, असं त्यांचं मत होतं. ते मानलं गेलं नाही. त्याच दिवशी महादजी शिंदेही पायाला जबर जखम घेऊन त्या मैदानातून वाचले. दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठी फौजा पुन्हा दिल्लीत शिरल्या त्यात महादजी पुढे होते, आणि त्यांच्या वाचण्याला कुणी बोल लावत नाही. मल्हारराव १७६६ मध्येच गेले, त्यांना तेवढा वेळ मिळाला नाही. पण त्यांची फौज आणि राज्य शिल्लक राहिलं, म्हणून १७६७ पासून अहिल्याबाईंच्या हाती सांभाळायला काही होतं. त्या दिवशी बाहेर पडणं बरोबर होतं की नाही, हे मी ठरवू शकत नाही. मला इतकंच दिसतं की लोक निर्णयाकडे नंतरच्या घटनांच्या चष्म्यातून बघतात, आणि घेणाऱ्याकडे तो चष्मा नसतो. तुमच्या मुलानं आज नीट विचार करून सोडलं आणि पुढच्या वर्षी पाचशे जागा निघाल्या, तर लोक म्हणतील, घाई केली. त्यानं नीट विचार न करता चालू ठेवलं आणि निवड झाली, तर म्हणतील, जिद्द बघा. दोन्ही वेळा ते निकाल बघून बोलत असतील. त्या बोलण्यावर घर चालवता येत नाही.

आता काय करायचं ते सांगते. निर्णय मुलाचा आहे, तुमचा नाही आणि त्याच्या बाबांचाही नाही. २९ वर्षांच्या माणसाला 'सोड' म्हणून सोडवलं, तर तो आयुष्यभर त्या सात गुणांशी तुम्हाला तोलत राहील. पण निर्णय त्याचा असला, तरी तो घ्यायची वेळ घरानं मागायची. निकालाच्या आधी. एका कागदावर, त्याच्या अक्षरात, तारीख घालून. पुढची प्री निघाली नाही तर काय. मेन्स निघाली नाही तर काय. इंटरव्ह्यू होऊन राहिलं तर काय. प्रत्येकापुढे एक ओळ, आणि त्या ओळीत एखादं ठरलेलं काम आणि महिना हवा. 'बघू' लिहायचं नाही. निकालाच्या दिवशी माणसाचं मन स्वतःचाच वकील होतं, दर वेळी त्याला नवा मुद्दा सापडतो: पेपर फिरला होता, जागा कमी होत्या, अजून एकदाच. आजचं मन त्या मानानं निवांत आहे, म्हणून ओळी आज लिहायच्या. कागद कपाटात त्याच्याच कप्प्यात राहू दे. तुम्ही तो मागायचा नाही, त्याला माहीत असेल तो कुठे आहे.

दुसरं, थांबणं आणि हात रिकामे ठेवून थांबणं या दोन गोष्टी आहेत. आपल्या इंदूरची हुकुमचंद कापडमिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांचे पैसे, २२४ कोटी, २०२३ च्या डिसेंबरात सुटले. बत्तीस वर्षं. आमच्या मागच्या गल्लीत त्या मिलचे दोन कामगार राहत. दोघंही मिलच्या गेटावरच्या बैठकांना जायचे, दोघांनीही आपला हक्क सोडला नाही. एकानं पहिल्याच वर्षी शिलाई मशीन घेऊन शाळांचे गणवेश शिवायला घेतले. दुसरे म्हणत, आज नाही तर उद्या निकाल लागेल, आता कुठे नवं काम धरायचं. पहिल्याच्या मुली त्या मशीनवर शिकल्या आणि मार्गी लागल्या. दुसऱ्यांचे पैसे त्यांच्या पत्नीच्या हातात पडले. वाट दोघांनीही पाहिली, तेवढीच पाहिली.

तुमच्या मुलाला शहरात काम मिळेल. ज्या क्लासला तो फी भरायला निघालाय, त्याच रस्त्यावरच्या लहान क्लासेसना प्रीचे विषय शिकवायला, उत्तरं तपासायला माणसं लागतात. इंटरव्ह्यूपर्यंत गेलेला मुलगा त्यांना हवा असतो. दिवसाचे चार तास काम, सहा तास अभ्यास. तो म्हणेल, अभ्यास कमी होईल. होईल थोडा. पण सहा वर्षं दहा तास बसून जे अडलंय ते अकराव्या तासानं सुटेल असं मला वाटत नाही, आणि महिन्याला स्वतःचे बारा-पंधरा हजार हातात आलेला मुलगा बाबांच्या शेजारी जेवायला जरा सोपेपणानं बसेल.

राहिली एफडी. पत्रात तुम्ही ती मुलाच्या प्रश्नाच्या पोटात ठेवली आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक होईल ती तिथे. परीक्षेचा निर्णय त्याचा. एफडीचा निर्णय तुम्हा दोघांचा, आणि तो अगदी वेगळा आहे. पेन्शन नाही, ही शेवटची मोठी ठेव, वय ५७ आणि त्यापुढे. ती मोडू नका. क्लास किती चांगला आहे, मुलगा किती हुशार आहे, या कशाचाही त्याच्याशी संबंध नाही; त्याची निवड नक्की होणार असती तरी मी हेच म्हटलं असतं. त्याला सांगताना 'तुझ्यावर विश्वास नाही' असा सूर लागू देऊ नका. इतकंच सांगा: हे पैसे आमच्या आजारपणाचे आहेत, ते या घरात दुसऱ्या कशालाच मिळणार नाहीत. तू परीक्षा दिलीस तरी जेवण-राहणं आहे, सोडलीस तरी आहे. फीचं तुझं तू बघ. हे पैसे असे बाजूला काढले की त्याच्या डोक्यावरचं एक ओझं उतरेल असंही मला वाटतं. आईची शेवटची ठेव फोडून बसलेला मुलगा पेपर लिहीत नाही, कर्ज फेडत असतो, आणि मग आठव्या वर्षी त्याला थांबणं आणखी अवघड होतं.

१४ तारखेच्या आधी दोन दिवस बँकेत जा आणि ठेव पुन्हा लावून घ्या, आपोआप बचत खात्यात येऊ देऊ नका. मुलाच्या बाबांनाही सोबत न्या, कारण ठेव दोघांच्या नावावर आहे असं तुम्ही पाचव्या पानावर लिहिलंय. परत आल्यावर मग मुलाशी बोला, वहीचं आणि कागदाचं. आधी नको.